स्वच्छ वर्तुळातले दोन ठिपके

वाचक विचारतात

प्रश्न : आमच्या घरात महिनाभर एक वाद चालू आहे. माझं म्हणणं असं, की माणसापुरती आणि आता जवळजवळ सगळ्या जगापुरती नैसर्गिक निवड संपली. जन्मतः अशक्त असलेलं मूल वाचतं. नजर अधू असेल तर चष्मा आहे, मधुमेह असेल तर इन्सुलिन आहे. जंगलं आपल्या परवानगीनं उभी आहेत, प्राणी आपल्या मर्जीवर जगतात. यात निसर्ग निवडतो काय? माझी मुलगी जीवशास्त्र शिकते. ती म्हणते, "बाबा, उलट वेग वाढलाय." शेवटी तुम्हाला लिहायचं ठरलं. निकाल द्या, पण मी तिचा बाप आहे, तेव्हा जरा जपून.

उत्तर : जपूनच सांगते, पण निकाल मुलीच्या बाजूनं लागला आहे. तुमच्यासाठी अपिलाची एक जागा ठेवली आहे, ती पुढे येईल.

घोळ 'नैसर्गिक' या शब्दात आहे. तो ऐकला की डोळ्यांसमोर जंगल येतं, हरणामागे लागलेला वाघ येतो, आणि 'बळी तो कान पिळी' हे कुणी न म्हणताच ऐकू येतं. मग वाघ पिंजऱ्यात गेला की निवडही आटोपली असं वाटणारच. 'निवड' या शब्दानंही थोडा घात केला आहे, कारण निवड म्हटली की कुणीतरी निवडणारा आलाच. इथे तसा कुणी नसतो. एकाच जातीच्या जिवांमध्ये फरक असतात, त्यातले काही फरक आईबापांकडून पोरांकडे जातात, आणि त्या फरकांपायी कुणाची पोरं जास्त उरतात, कुणाची कमी. एवढं जुळलं की झालं. त्याला वाघ लागत नाही आणि जंगलही लागत नाही. काचेची एक बशी पुरते.

ती बशी मी तीस वर्षं हाताळली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक ठरलेलं प्रात्यक्षिक असतं. पेट्री डिशमध्ये अगार, म्हणजे जिवाणूंना पोसणारी जेली, ओतायचं, ते थिजलं की त्यावर स्वॅबनं जिवाणू सगळीकडे सारखे फिरवायचे, मध्ये प्रतिजैविक शोषलेली कागदाची चकती ठेवायची, सहा मिलिमीटरची, आणि डिश उलटी करून रात्रभर ३७ अंशांवर उबवायची. सकाळी अगारवर काचेवर श्वास सोडल्यासारखा धुरकट थर आलेला असतो आणि चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ. औषध जिथवर झिरपलं तिथवर कुणी वाढलं नाही. मुलं पट्टी लावून वर्तुळाचा व्यास मोजतात, वहीत लिहितात, प्रात्यक्षिक संपतं.

कधीतरी त्या स्वच्छ वर्तुळात एक-दोन ठिपके दिसतात. टाचणीच्या डोक्याएवढे, किंचित फुगीर. "मॅडम, कंटॅमिनेशन," म्हणून मुलं डिश बाजूला सारतात, आणि पुष्कळदा ती खरोखरच हवेतून पडलेली घाण असते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी अशीच एक डिश टाकायला निघाले होते. मग उगाच म्हणून त्यातला एक ठिपका तारेच्या लूपवर उचलला, नव्या डिशवर पसरला आणि त्याच औषधाची चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्तुळच नव्हतं. थर थेट चकतीच्या कडेला येऊन भिडला होता. जिवाणूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तपासण्या केल्या, जिवाणू तेच. धावत जाऊन एका वरिष्ठ सहकाऱ्यांना दाखवलं तर ते चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "मग? हे होतंच."

होतंच, हाच तर मुद्दा आहे. पण कसं होतं, याबद्दल बहुतेकांची समजूत उलटी असते. औषधाच्या माऱ्यानं जिवाणू निबर होतात, असं लोक समजतात. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्यानं यावर एक सुरेख युक्ती काढली. गोल ठोकळ्यावर मखमल ताणून बसवायची, जिवाणूंनी भरलेल्या डिशवर ती हलकेच टेकवायची आणि मग शिक्का उमटवावा तशी औषध घातलेल्या डिशांवर. मखमलीच्या लवेला चिकटून जिवाणू जसेच्या तसे, त्याच जागी, नव्या डिशवर उतरतात. औषधातून वाचलेले ठिपके वेगवेगळ्या डिशांवर एकाच जागी उगवले. मग त्यांनी मूळ डिशवर, जिला औषधाचा स्पर्शही झालेला नव्हता, नेमक्या त्या जागेचे जिवाणू पुन्हा पुन्हा निवडून वाढवले आणि शेवटी औषधाला दाद न देणारे मिळवले. म्हणजे ते आधीपासून तिथेच होते, लाखोंच्या गर्दीत. औषधानं फक्त गर्दी हटवली. चाळणी दाणा घडवत नाही, तसं.

आता तुमचं 'माणसाच्या ताब्यातलं जग' या डिशसारखं बघा. ताबा घेतला म्हणजे आपण जागोजागी चकत्या ठेवल्या. अलेक्झांडर फ्लेमिंगनं डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानात बजावलं होतं, की पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत घेतलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. ऐकतो कोण?

आणि चकती उचलली तर? मलावी देशात हिवतापावर क्लोरोक्विन देत. हिवतापाचा परजीवी त्याला जुमानेनासा झाला, तेव्हा १९९३ मध्ये त्यांनी ते थांबवून दुसरं औषध सुरू केलं. दहा वर्षं उलटायच्या आत तिथल्या परजीवींमधून क्लोरोक्विनला पुरून उरणारं जनुकीय रूप जवळपास नाहीसं झालं, आणि नंतरच्या चाचणीत तेच टाकून दिलेलं औषध पुन्हा ९९ टक्के रुग्णांना लागू पडलं. क्लोरोक्विन असताना जे रूप ढाल होतं, ते नसताना नुसतं ओझं होतं. ओझं वाहणारे मागे पडले. निवड संपली असती तर हे दोन्ही बाजूंनी घडलं नसतं.

तुम्ही म्हणाल, ही तर कृत्रिम निवड झाली, माणसानं केलेली. माझ्या वर्गातही दरवर्षी कुणीतरी हे म्हणायचंच. पण पैदास करणारा माणूस काय करतो? त्याला हवं ते जनावर तो वीणीसाठी राखून ठेवतो. हस्तिदंताच्या शिकाऱ्यानं काय केलं? त्याला हवा तोच हत्ती त्यानं मारला. मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ या यादवीच्या काळात हत्तींची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. सुळे विकून शस्त्रं येत होती. युद्धापूर्वी तिथल्या सुमारे साडेअठरा टक्के माद्यांना सुळे नव्हते. युद्धानंतर जवळपास निम्म्या माद्या बिनसुळ्यांच्या होत्या, आणि वाचलेल्या माद्यांच्या मुलींमध्येही बिनसुळ्यांचं प्रमाण पूर्वीपेक्षा जास्तच राहिलं. २०२१ मध्ये यामागचा जनुकीय धागा प्रसिद्ध झाला. तो एक्स गुणसूत्रावर आहे आणि नर गर्भाला तो बहुधा मारकच ठरतो. म्हणून बिनसुळ्यांच्या माद्या पुष्कळ, पण तसा नर तिथे दिसत नाही. म्हणजे अशी आई स्वतः गोळीतून वाचते आणि तिचे निम्मे मुलगे जन्मालाच येत नाहीत. शिकाऱ्याला बिनसुळ्यांचे हत्ती हवे होते का? मुळीच नाही. हत्तींना हा सौदा फायद्याचा आहे का? बंदुका होत्या तोवर होता. यात निवडणारा शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

माझं सर्वांत लाडकं उदाहरण मात्र एका रोपाचं आहे. नैर्ऋत्य चीनमधल्या हेंगद्वान पर्वतरांगेत, दगडगोट्यांच्या उघड्या उतारावर, फ्रिटिलारिया देलावाई नावाची छोटी कंदवनस्पती उगवते. तिचा कंद खोकल्याच्या औषधात जातो. ज्या उतारांवर चढणं किंवा खणणं अवघड, तिथे ती हिरवीगार असते, लांबून दिसते. जिथे लोक वर्षानुवर्षं खणत आले, तिथे तीच वनस्पती करडी, तपकिरी, मागच्या दगडांच्या रंगाची. संशोधकांनी खणणाऱ्यांकडून माहिती घेऊन हे ताडून पाहिलं आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. शिवाय संगणकावर 'रोप शोधा' असा खेळ तयार करून लोकांसमोर ठेवला. करडी रोपं शोधायला लोकांना जास्त वेळ लागला. तिला खाणारा कुणी प्राणी त्यांना आढळला नव्हता. ती लपली ती आपल्यापासून, आपल्याच डोळ्यांच्या चाळणीतून. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, आपण आहोत हेही ठाऊक नाही. जी चटकन दिसली ती बी धरायच्या आत पिशवीत गेली, एवढंच.

भातातल्या तणाचंही तसंच. निंदणाऱ्याच्या हातून तेच तण सुटतं जे भाताच्या रोपासारखं दिसतं, आणि त्याचंच बी पुढच्या हंगामाला पडतं. निकोलाय वाविलोव या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं हे मागच्या शतकातच ओळखलं होतं. तुमच्या मुलीला विचारा, तिला त्याचं नाव माहीत असेल.

शहराचं काय, असाही प्रश्न राहतो. फ्रान्समधल्या माँपेलिये शहरात फुटपाथवरच्या झाडांच्या आळ्यांत क्रेपिस सँक्टा नावाचं पिवळ्या फुलाचं रानरोप वाढतं. त्याच्या एकाच फुलात दोन जातीची बियाणी तयार होतात. एक हलकं, केसाळ छत्री लावलेलं, वाऱ्यावर जाणारं. दुसरं जड, आईच्या पायाशी पडणारं. रानात उडणं चांगलं, पण फुटपाथवर उडालेलं बी सिमेंटवर पडतं आणि संपतं. रानातली आणि फुटपाथवरची रोपं एकाच काचघरात, सारख्या मातीत वाढवून पाहिली तेव्हा फुटपाथच्या रोपांना जड बिया जास्त धरल्या. संशोधकांच्या अंदाजानं हा बदल पाच ते बारा पिढ्यांत झाला. हे २००८ मधलं काम आहे. पतंगांच्या काळ्या पंखांची गोष्ट तुम्ही शाळेत वाचलीच असेल, ती पुन्हा सांगत नाही.

आता अपिलाची जागा. माणसाच्या बाबतीत तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे. फिनलंडच्या चर्चमधल्या नोंदींवरून १७६० ते १८४९ दरम्यान जन्मलेल्या सुमारे सहा हजार माणसांची आयुष्यं कुणीतरी चिकाटीनं जुळवली. त्यातली जवळपास निम्मी पंधरा वर्षांची व्हायच्या आत गेली. आज जगभरात हजार मुलांमागे पाच वर्षांच्या आत दगावणारी चाळीसपेक्षा कमी आहेत. १९९० मध्येसुद्धा नव्वदच्या वर होती. म्हणजे बालमृत्यूची ती चाळणी आपण खरोखर पुष्कळ सैल केली, आणि बरं केलं.

पण निवडीचा हिशोब मरणानं होत नाही, पोरांच्या संख्येनं होतो. सगळी मुलं जगली तरी पुढे कुणाला चार होतात, कुणाला एक, कुणाला होतच नाहीत, आणि या फरकामागे वारशानं आलेलं थोडं जरी काही असलं तरी चाळणं चालूच. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीत इल-ओ-कूद्र नावाचं बेट आहे. तिथल्या नोंदींत १४० वर्षांत बायकांचं पहिल्या बाळंतपणाचं वय सुमारे २६ वरून २२ वर आलं. खाणंपिणं आणि राहणीमान यांचा वाटा वजा केल्यावरही काही भाग आनुवंशिक बदलाचा उरतो, असं संशोधकांचं म्हणणं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयरोगासाठी लोकांच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. त्यावरून एक गणित मांडलं गेलं, की हाच कल राहिला तर दहा पिढ्यांनी तिथल्या बायका दोन सेंटिमीटरनं बुटक्या आणि किलोभर जड असतील. दहा पिढ्या म्हणजे अडीचशे-तीनशे वर्षं. कल तोवर तसाच राहील यावर मी तरी पैज लावणार नाही. पण या क्षणी तो शून्य नाही, एवढं पुरे.

चष्म्याबद्दल लिहिलंत ते मला जरा लागलं. मला सातव्या वर्षी चष्मा लागला, आज नंबर उणे सहा आहे, म्हणजे तुमच्या हिशोबानं मी निवडीच्या हातून निसटलेली. पण लघुदृष्टी दोन-तीन पिढ्यांत इतकी वाढली आहे, की एवढ्या वेगानं कुठलंच जनुक पसरू शकत नाही. लहानपणी उजेडात कमी आणि पुस्तकात जास्त, याचा त्यात मोठा हात आहे. माझ्या बाबतीत तर नक्कीच. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं १९२२ मध्ये. शंभर वर्षं, चार पिढ्या. एवढ्यात माणसाचा वंश ना सुधारतो ना बिघडतो.

'बिघडतो' हा शब्द तुम्ही वापरला नाहीत, पण 'अशक्त मूल वाचतं' या वाक्याच्या पुढच्या वळणावर तो उभा असतो, म्हणून बोलते. फ्रान्सिस गाल्टननं माणसाचा वंश निवडून 'सुधारण्या'च्या कल्पनेसाठी १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द काढला. १९०७ मध्ये इंडियाना राज्यानं 'नालायक' ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, आणि पुढे अमेरिकेत साठ हजारांहून जास्त माणसं त्यात भरडली गेली. ठरवणारे सगळे सुशिक्षित होते. त्यांची समजूत ही, की 'लायक' हा गुण माणसाच्या आत असतो. सिकल सेल या रक्ताच्या आजाराचं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच मिळालेला माणूस हिवतापाच्या प्रदेशात इतरांपेक्षा बरा तग धरतो, हे अँथनी ॲलिसननं १९५४ मध्ये दाखवलं. दोन्हीकडून तेच जनुक आलं तर भयंकर आजार. डास नसलेल्या ठिकाणी पहिल्याचा फायदा शून्य. आता त्या माणसाला लायक म्हणायचं की नालायक, ते मला तरी सांगता येणार नाही. तो कुठे उभा आहे ते आधी विचारावं लागेल.

प्रश्न : मी बारावीत आहे. सगळे प्राणी असे जुळवून घेत असतील तर प्रदूषण, औषधं वगैरेंची एवढी काळजी कशाला? निवड बघून घेईल ना?

उत्तर : घेते कधीकधी. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर बोटाएवढा किलीफिश राहतो. कारखान्यांच्या सांडपाण्यानं सडलेल्या काही खाड्यांत तो साध्या माशापेक्षा आठ हजार पटींपर्यंत विष सोसतो. पण त्याची संख्या अफाट आणि जनुकांत विविधता भरपूर, म्हणजे गर्दीत तो 'ठिपका' आधीपासून असण्याची शक्यता मोठी.

गिधाडांकडे बघ. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. हे कारण २००४ मध्ये उजेडात आलं. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. वर्षाला एक अंडं, पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं. जिवाणूची पिढी वीस मिनिटांत होते. निवडीला गिऱ्हाइकं लागतात, पिढ्या लागतात. इथे चाळणीतून खाली पडायलाच कुणी उरलं नाही. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं ते माणसांनी, निवडीनं नव्हे.

प्रश्न : लंडनच्या भुयारी रेल्वेत शंभर वर्षांत डासाची नवी जात तयार झाली असं वाचलं. खरं का?

उत्तर : ही गोष्ट मी स्वतः वर्गात अनेक वर्षं रंगवून सांगितली आहे, तेव्हा कबुली देते. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाच्या रात्री भुयारी स्थानकांत झोपणाऱ्या लोकांना हे डास फोडून काढत, एवढं खरं. जमिनीवरचा त्यांचा भाऊबंद बहुतेक पक्ष्यांना चावतो, हा माणसांना. म्हणून तो भुयारातच घडला असावा असं वाटलं. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्याचं मूळ हजारहून अधिक वर्षांपूर्वीचं, मध्यपूर्वेकडचं निघालं, म्हणजे जुन्या शेतकरी वस्त्यांच्या आसऱ्यानं. माणसाच्या संगतीत तो बदलला हे टिकलं. भुयार, लंडन आणि शंभर वर्षं हे तिन्ही गेलं. माझ्या टिपणवहीतलं ते पान मी खोडलं आहे, तुम्हीही खोडा.